‘बोट आणता येत नसेल तर घेऊ नका’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

‘खारा वारा’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकमहोदयांस,

नवी घेतलेली बोट आपल्या बंदरात आणण्यासाठी व्यावसायिक स्किपर, म्हणजे बोट आणून देणारा पगारी कप्तान, कसा नेमावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं गंमत करताय.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की स्किपर समुद्रात काटलेले मैल आपणच वहीत लिहितो, त्यामुळे त्याच्या अनुभवावर विश्वास काय ठेवायचा. ठोक रक्कम ठरवली तर तो घाईने खराब हवेतही निघेल. ‘चीकी राफिकी’ या यॉटवरही व्यावसायिक स्किपरच होता, तरी ती बुडाली. विम्याबद्दल मी लेखाच्या शेवटी दोनच ओळी लिहिल्या. आणि मग ते वाक्य: “ज्याला स्वतःची बोट स्वतः आणता येत नाही, त्याने ती घ्यायच्या भानगडीत पडू नये. गाडी घेऊन ड्रायव्हर ठेवणाऱ्या शेठजींसाठी लिहिता का तुम्ही?” वर शेपटाला, मला यात कमिशन किती मिळतं ही चौकशी.

मतभेदाचं मला वावडं नाही. नांगराला साखळी किती सोडावी यावरून इथे लोक हातघाईवर आलेले मी पाहिलेत. पण वाचकाची लायकी काढायची पद्धत इथे नव्हती, ती तुम्ही सुरू केलीत. माझा लेख वाचून मला पत्र लिहिणारे बहुतेक जण शेठजी नसतात हो. आयुष्यभर आडोशाच्या खाडीत छोटी शिडाची बोट चालवलेली माणसं असतात ती. पुंजी साठवून जुनी, जरा मोठी बोट घेतात, आणि मनासारखी बोट मिळते ती नेमकी दुसऱ्या समुद्रात. त्यांना शीड कळतं, वारा कळतो. ती बोट कळत नाही. अनोळखी बोटीवरचा पहिलाच लांबचा पल्ला धोक्याचा असतो, कारण तिचं काय दुखतंय हे अजून कोणालाच ठाऊक नसतं.

ड्रायव्हरची उपमाच मुळात फसलेली आहे. गाडी बंद पडली तर कडेला लावता येते. आणि स्किपरला पैसे देतो ते निव्वळ सुकाणू धरण्याचे नव्हेत. ते देतो “आज निघायचं नाही” हे ऐकून घेण्यासाठी. मालकाच्या तोंडून हे वाक्य निघत नाही. त्याची रजा संपत आलेली असते, घरी तारीख सांगून झालेली असते, धक्क्यावर चार लोक बघत असतात. स्किपरला यातलं काहीच नसतं.

मी हे पुस्तकं वाचून सांगत नाही. केस काळे होते तेव्हापासून मी बोटींवर आहे, आधी दुसऱ्यांच्या, मग स्वतःच्या. अशीच एक बोट पोचवताना, म्हणजे डिलिव्हरीत, मी नुसता हाताखालचा माणूस म्हणून होतो. हवा सुरेख होती, मालक दोर सोडायला उभा. स्किपरबाईंनी मात्र डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं, हातपंपाची नळी थेट तळाला घातली आणि काचेची बरणी भरून घेतली. वर लालसर डिझेल, त्याखाली पाण्याचा थर, आणि दोहोंच्या मध्ये काळी, शेवाळासारखी लोंबणारी घाण. मालक म्हणाला, इंजिन तर मघाशी एका झटक्यात सुरू झालं होतं. होणारच. धक्क्याला बोट हलत नाही तोवर ती घाण तळाशी निजून असते. बाहेर लाटांवर टाकी घुसळली की ती उठते, फिल्टर तुंबतो, आणि इंजिन बंद पडतं ते नेमकं बंदराच्या तोंडाशी, जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज असते. निघणं लांबलं. टाकी उपसली, फिल्टर बदलले, सुटे बरोबर घेतले.

तेवढ्या वेळात बाईंनी सगळी लाइफजॅकेटं उघडली. एकाची फुगवणारी गॅसची नळकांडी आटे सुटून नुसती लोंबत होती. पाण्यात पडल्यावर ते फुगलंच नसतं. मग ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र, हातात घेऊन मालकाला विचारलं, “हे कोणाच्या नावावर आहे?” आधीच्या मालकाच्या! ४०६ मेगाहर्ट्‌झवर संकटाचा संदेश गेला की बचाव केंद्र नोंदीतल्या नंबरावर फोन लावतं. त्या गृहस्थांनी घरून सांगितलं असतं, “माझी बोट? ती तर मी विकली.”

आता सांगा, ही तपासणी तुम्ही तुमच्या पहिल्या बोटीवर केली होती का? विचारतो कारण तुम्हीच अभिमानाने लिहिलंय, की ती तुम्ही एकट्याने, “तीन रात्री डोळ्याला डोळा न लावता” आणली. यावर खरं तर मला गप्पच बसायचं होतं. पण १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ नीट टेहळणी ठेवावी असं सांगतो, आणि त्यात हौशी माणसाला सूट नाही. तुमची बोट ५ नॉटने (ताशी ५ सागरी मैल) चाललीय, समोरून २० नॉटने मालवाहू जहाज येतंय. पाच सागरी मैलांवर दिवा दिसल्यापासून तुमच्या हातात १२ मिनिटं. तिसऱ्या रात्री १२ मिनिटांची डुलकी लागत नाही असं म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतो, नाहीतर त्याला ती लागलेली कळत नाही. तुम्ही सुखरूप पोचलात याचा आनंदच आहे. पण तो पुरावा कशाचा? नशिबाचा. चांगला स्किपर पहारे वाटून घेणारी माणसं बरोबर आणतो, आणि मालकालाही घेतो की! शिकायचं असेल तर त्याच्या शेजारी बसून शिका. हे माझ्या लेखात ठळक अक्षरांत होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

विम्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. ते वर हवं होतं. बऱ्याच पॉलिसींत बोट कोणत्या हद्दीत आणि कोण चालवणार हे ठरलेलं असतं, त्यामुळे स्किपरची माहिती विमा कंपनीला आधी पाठवून लेखी होकार घ्यावा. तो परिच्छेद आज वर सरकवलाय. मोठ्या मनाने मान्य.

राहिलेल्या गोष्टी. वहीतले मैल खोटे असू शकतात. मग आधीच्या दोन मालकांना फोन करा, एवढं काय त्यात. यॉटमास्टर ऑफशोअर या ब्रिटिश स्किपर-प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायलाच २,५०० मैल आणि समुद्रावरचे ५० दिवस लागतात, आणि परीक्षक बोटीवर बसून परीक्षा घेतो, घरी वही तपासत नाही. ठोक रकमेची भीती वाटत असेल तर रोजावर ठरवा, आणि रोजावर तो मुद्दाम रेंगाळेल अशी भीती वाटत असेल तर मग माणूसच नेमू नका. ज्याला कशातच विश्वास ठेवायचा नाही त्याच्यासाठी माझ्याकडे करारनामा नाही.

‘चीकी राफिकी’ तुम्ही ज्या सहजतेने फेकलीत ते मला आवडलं नाही. मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतताना अटलांटिकमध्ये तिची कील, म्हणजे बोट सरळ ठेवणारं तळाचं जड पातं, निखळली आणि चौघे गेले. ब्रिटिश अपघात तपास विभागाने संभाव्य कारण दिलं ते आधी बोट तळाला घासल्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी कमजोर झालेल्या सांगाड्याचं. म्हणजे निघण्याआधी कील आणि तिचे बोल्ट जाणकाराकडून तपासून घ्या. मी वेगळं काय सांगतोय? सुकाणूवर मालक असता तर कील टिकली असती, असं तर तुम्हाला म्हणायचं नाही ना?

आणि कमिशन. शून्य. उलट त्या डिलिव्हरीत फिल्टरचे पैसे माझ्या खिशातून गेले, ते मालकाने अजून दिलेले नाहीत. तुमची दुसरी प्रतिक्रियाही आली आहे. ती माझ्या भाषेच्या शुद्धतेबद्दल आहे, म्हणून दाखवत नाही. बोटीबद्दल काही असेल तर जरूर लिहा, फक्त या खेपेला स्वतःच्या नावाने.