पीनट बटर कार्व्हरांचं नव्हे

मुलांच्या चित्रपुस्तकांत आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या गोष्टींत एक वाक्य हमखास सापडतं: ‘पीनट बटरचा शोध अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी लावला.’ ‘एक होता कार्व्हर’ वाचून मोठी झालेली आपली पिढीही ते बिनदिक्कत पुढे ढकलते. पण ते चुकीचं आहे.

शेंगदाणे दळून लगदा करण्याचं अमेरिकी पेटंट कॅनडाच्या मार्सेलस एडसन यांना १८८४ मध्येच मिळालं होतं. १८९५ मध्ये जॉन हार्वे केलॉग यांनीही पेटंटसाठी अर्ज केला. कार्व्हर अलाबामा राज्यातल्या टस्कीगी शिक्षणसंस्थेत रुजू झाले ते १८९६ मध्ये. (तसं, मिक्सरमध्ये दाण्याचं कूट जरा जास्त फिरलं की तेल सुटून गोळा होतोच!) कार्व्हरांच्या नावावर पेटंटं मोजून तीन. एक प्रसाधनाचं, दोन रंगांची.

मग भुईमुगाशी त्यांचं नाव जोडलं गेलं ते कशामुळे? सतत कापूस घेऊन अलाबामाची जमीन पार निकस झाली होती. भुईमूग तिला नत्र परत देतो, म्हणून तो लावा, असं ते गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना सांगत. पण पिकलेल्या शेंगांचं करायचं काय? त्यासाठी १९१६ मध्ये त्यांनी भुईमुगाचे १०५ खाद्यप्रकार देणारी पुस्तिका काढली. सूप, पाव, केक, सगळं त्यात. १९२१ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे भुईमुगाबद्दल बोलायला त्यांना दहा मिनिटं मिळाली होती. ऐकता ऐकता अध्यक्षांनीच वेळेचं बंधन काढून टाकलं.

चित्रपुस्तकात काढायचं तर हे दृश्य काढावं.