अनुपस्थित आत्या

दवाखाना आणि मतदान सोडलं तर आमची आत्या गेली चार वर्षं उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. दुधाच्या पिशव्या ती मोजते, कुरिअरवाल्याला ती दटावते, मी रात्री किती वाजता आलो हे तिच्याइतकं माझ्या बायकोलाही ठाऊक नसतं. अशा बाईला सरकारदरबारी एक नाव आहे: ‘अनुपस्थित मतदार’. म्हणजे वृद्धत्वामुळे केंद्रावर येऊ न शकणारा आणि म्हणून घरी बसून टपाली मतपत्रिकेवर मत देणारा.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो लोकसभेच्या आधी, सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांसाठी निवडणूक कार्यालयातल्या साहेबांनी बोलावलेल्या बैठकीत. मी सेक्रेटरी आहे, कारण ज्या सभेत निवड झाली त्या सभेला मी गैरहजर होतो.

साहेबांनी ओळखपत्राचे नियम वाचायला घेतले. मतदार कार्ड नसेल तर बारा पर्याय. आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स, फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पेन्शनचा फोटोवाला कागद...

“रेशन कार्ड?” मागून एक काका.

“नाही चालणार.”

“पन्नास वर्षं त्याच्यावर साखर आणली साहेब!”

“साखरेला चालेल. आणि हो, खासदार-आमदारांना दिलेलं अधिकृत ओळखपत्रही चालेल.”

सगळ्यांनी उगाच आपापले खिसे चाचपले. मग चहा आला आणि बैठकीचा मुख्य विषय बिस्किटं हा झाला.

त्या गडबडीत मी आत्याचं विचारलं. घरून मतदानाची वयोमर्यादा आधी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ केली. आता आत्याला वयं दोन. सर्व्हिस बुकात जन्मतारीख १ जून १९३८. (तिच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. त्याचं श्रेय आयांना नाही, हेडमास्तरांना.) मतदार कार्डावर मात्र ‘१.१.१९९५ रोजी वय ५२’. त्या हिशेबाने ती ८१ ची.

“यादीत जे वय, तेच वय,” साहेब म्हणाले. “अजून तरुण आहेत त्या.”

ही बातमी घरी सांगितल्यावर आत्या आठवडाभर आनंदात होती. मग १३ मेला, मतदानाच्या दिवशी, तिला रिक्षात घालताना आणि काढताना तिचं तारुण्य माझ्या पाठीत उतरलं. दुसऱ्याच दिवशी मी फॉर्म नंबर ८ भरायला घेतला, दुरुस्तीचा.

त्या आठ नंबरच्या फॉर्मपायी मी किती खेटे घातले हे सांगत नाही. ऑनलाइन भरला तर फोटो मोठा, फोटो लहान केला तर चेहरा गायब. शेवटी नवं कार्ड आलं. वय अगदी बरोबर. नाव मात्र ‘शंकुतला’.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवत होती. तिने कार्ड हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं, मग चष्मा काढला. आमच्या भागाच्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या ताई, बिचाऱ्या अंगणवाडी सांभाळून हे काम करणाऱ्या, समजुतीने म्हणाल्या, “आजी, ओळख पटत असेल तर किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करायचं, असा नियमच आहे.”

“अनुस्वार किरकोळ?” आत्या म्हणाली.

ताईंना लाडू देऊन मी जिन्यापर्यंत सोडून आलो.

२२ ऑक्टोबरला विधानसभेची अधिसूचना निघाली. तिच्यापासून पाच दिवसांत १२ डी नावाचा, घरून मतदानासाठीचा फॉर्म द्यायचा असतो. ताईंनी तो घरी आणून दिला आणि भरलेला घेऊनही गेल्या. आत्याने सही केली ती ‘शकुंतला’ अशीच, अनुस्वार गरजेपेक्षा ठळक काढून.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी पथक आलं. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. डायनिंग टेबलवरचं लोणचं हलवून तिथे पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. आत्याने इरकल नेसली होती. मी कौतुकाने शेजारी उभा, तर म्हणाली, “तू आत जा. मतदान गुप्त असतं.”

मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. पथकातला तरुण अधिकारी समजावत होता: मतपत्रिकेवर पेनाने खूण, ती आतल्या पाकिटात, मग घोषणापत्रासकट बाहेरच्या पाकिटात.

“घोषणापत्रावर माझी सही साक्षांकित कोण करणार? तुम्ही ना? मग माझ्याकडे बघा, कॅमेऱ्याकडे काय बघताय?”

मतपेट्यांच्या काळात तिने सात-आठ निवडणुकांची ड्युटी केलेली. पोराने पाकिटाला डिंक लावला, तो पुरेसा नाही म्हणून तिने पुन्हा लावायला लावला. निघताना पोलीस तिच्या पाया पडला. बहुधा सुटल्याच्या आनंदात.

२० नोव्हेंबरला मी ऐटीत केंद्रावर गेलो. रांगेतल्या दोघातिघांना बारा पर्यायही सांगितले. आत अधिकाऱ्याने यादीवर बोट ठेवलं, मग दुसरी एक यादी काढली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

“तुम्ही एएसडीत आहात.”

“म्हणजे?”

“अनुपस्थित, स्थलांतरित, मयत.”

कार्ड तपासून झालं. सही तर घेतलीच, वर अंगठाही घेतला. मी मीच आहे असं लिहूनही दिलं. मागच्या रांगेत ‘काय झालं?’, ‘तो मयत आहे म्हणे’ अशी कुजबुज.

घरी येऊन उलगडा झाला. गेल्या आठवड्यात ताई मतदार चिठ्ठ्या वाटायला आल्या होत्या. माझी चिठ्ठी आत्याने घेतली नाही. “ज्याची त्याच्या हातात द्या,” म्हणाली. कुठे असतो तो, असं ताईंनी विचारलं, तर म्हणाली, “घरी कधीच नसतो.”

“अगं, तुझ्याच फॉर्मसाठी फिरत होतो ना मी सहा महिने!”

“ते असू दे,” आत्या दुधाच्या पिशव्या मोजत म्हणाली. “मला आधी सांग, मत दिलंस ते तिघांतला कोण म्हणून?”