पाला जाळून परिसर हिरवा होत नाही

माझा भाचा एका विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून एम.एस्सी. करतो आणि यंदा विद्यार्थ्यांच्या पर्यावरण समितीवर त्याची निवड झाली आहे. गेल्या आठवड्यात त्याने व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवून विचारले, ‘मामा, यातल्या कुठल्या उपायापासून सुरुवात करू?’ ‘एक रुपयाही खर्च न करता विद्यापीठ हरित करा’ अशा मथळ्याचा तो संदेश याआधी तीन वेगवेगळ्या गटांतून माझ्याकडे येऊन गेला होता आणि मी तो न वाचताच पुसला होता. घरातलाच मुलगा तो समितीपुढे ठेवायला निघाल्यावर मात्र गप्प बसणे शक्य नाही. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: गळलेला पाला जागच्या जागी जाळावा, कारण राख हे सर्वोत्तम खत आहे आणि धुराने डास पळतात, सगळीकडे पिंपळ लावावेत, कारण तो चोवीस तास ऑक्सिजन देतो, सौर पॅनल बसवू नयेत, कारण ते तयार करताना खर्चलेली ऊर्जा त्यांच्याकडून कधीच परत मिळत नाही, कँटीनमध्ये स्टीलच्या पेल्यांऐवजी कागदी कप ठेवावेत, आणि एसी 18 अंशांवर लावावा, म्हणजे खोली लवकर गार होऊन वीज वाचते.

पाल्याचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्यांनी पैसा आणि वीज वाया जाईल, याने मात्र त्याच वसतिगृहातील दम्याच्या मुलांना खिडक्या लावून बसावे लागेल. ढिगाने रचलेला पाला भडकून जळत नाही, तासन्‌तास धुमसतो. ज्वलन अपुरे राहिल्यामुळे त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसांत खोलवर जाणारे सूक्ष्म कण बाहेर पडतात. पानगळ ऐन भरात येते ती हिवाळा सरताना, आणि त्या दिवसांत पहाटेची थंड हवा जमिनीलगत साचून राहते, त्यामुळे धूरही तिथेच रेंगाळतो. डास पळतात हे क्षणभर खरे धरले, तरी माणसांनी कुठे पळायचे हे संदेशात लिहिलेले नाही.

आता राखेविषयी. पाला जळताना त्यातील कार्बन आणि बहुतेक नत्र (नायट्रोजन) हवेत निघून जाते. मागे उरतो तो चुना, पालाश (पोटॅशियम) आणि थोडे स्फुरद (फॉस्फरस). ज्या सेंद्रिय द्रव्यामुळे जमीन भुसभुशीत राहते आणि पाणी धरून ठेवते, तेच पेटवून द्यायचे आणि उरलेल्या क्षारांना खत म्हणायचे, असा हा व्यवहार आहे. ‘आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राब भाजतात’ असा दाखला संदेशात आहे आणि त्यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळतात. त्या उष्णतेने तणाचे बी मरते आणि मुसळधार पावसाने आम्ल झालेल्या मातीला राखेतील चुन्याचा उपयोगही होतो. परंतु ती गोष्ट रोपांच्या वाफ्यापुरती आहे. भाच्याचे विद्यापीठ देशावर आहे, तिथली काळी माती बहुधा मुळातच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते. तिच्यावर दरवर्षी राख टाकणे म्हणजे खारट आमटीत आणखी मीठ घालणे होय.

शिवाय हे बेकायदा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 22 डिसेंबर 2016 रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणात 5,000, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली होती आणि त्या व्याख्येत विद्यापीठे आणि वसतिगृहे यांचा स्पष्ट उल्लेख होता. बागेतला कचरा वेगळा साठवावा आणि ओल्या कचऱ्यावर शक्य तितकी प्रक्रिया आवारातच करावी, असे ते नियम सांगत होते. ‘एक रुपयाही खर्च न करता’ असे लिहिणाऱ्याने हा दंड कुठल्या खात्यात धरला होता, कोण जाणे.

खरे तर खर्च न होणारा उपाय याच पाल्यात आहे. कोरड्या पानांत कार्बन पुष्कळ आणि नत्र अगदी कमी, म्हणून नुसत्या पानांचा ढीग लवकर कुजत नाही आणि शेवटी कंटाळून कोणीतरी काडी लावतो. मेसमधल्या खरकट्यात उलट नत्र आणि पाणी जास्त, म्हणून ते एकटे ठेवले की घाण वास सुटतो. कुजण्यासाठी कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण साधारण 30 ला 1 असे लागते. म्हणजे पाल्याच्या थरावर खरकट्याचा पातळ थर आणि पुन्हा पाला, मधूनमधून शेणकाला, असे केले की काम होते. विद्यापीठात दोन्ही वस्तू एकाच कुंपणाच्या आत तयार होतात आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही वेगवेगळ्या दारांनी बाहेर फेकल्या जातात. जे खतात बसणार नाही ते झाडांच्या आळ्यांत पसरावे, त्याने उन्हाळ्यात पाणीही कमी लागते. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ उपक्रमातील लोक तर एकमेकांकडून पोती भरून पाला मागून नेतात.

सौर पॅनल बनवताना बरीच ऊर्जा लागते आणि जुन्या पॅनलांचे पुढे काय करायचे याची व्यवस्था आपल्याकडे नीट लागलेली नाही, एवढे मान्य. मात्र जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या अहवालानुसार उत्तर युरोपच्या मंद उन्हातही ती ऊर्जा सव्वा वर्षाच्या आसपास वसूल होते, आणि पॅनलांची हमी साधारण 25 वर्षांची असते. आपल्या उन्हाचे गणित ज्याचे त्याने करावे.

पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही; प्रकाश नसताना कोणतेच झाड देत नाही. पक्ष्यांसाठी तो जरूर लावावा, फक्त इमारतीपासून लांब. पेले धुवायला पाणी लागते हे खरे, पण कागदी कपाला आतून प्लास्टिकचाच थर असतो आणि खरगपूरच्या आयआयटीने 2020 मध्ये दाखवले की 100 मिलिलिटर गरम पेय त्यात 15 मिनिटे राहिले तर सुमारे 25,000 सूक्ष्म कण त्यात उतरतात. एसीबद्दल ऊर्जा दक्षता ब्युरोचे सांगणे असे की तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 18 वर लावल्याने साधा एसी अधिक वेगाने गार करत नाही, फक्त अधिक वेळ चालतो.

भाच्याच्या समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. खताचे खड्डे मेसच्या मागे घ्यायचे की ग्रंथालयाच्या, एवढाच प्रश्न तिथे मांड, असे त्याला कळवले आहे. माझे मत मेसच्या मागे, कारण खरकट्याची जड बादली ग्रंथालयापर्यंत रोज कोणी नेणार नाही.