टक्केवारी की मैल? आधी मूळ बिल दाखवा

सांगली-मिरजेकडच्या आमच्या नात्यातल्या ट्रकमालकांच्या ग्रुपवर एक वाद सारखा वर येतो. गाडी कंपनीला अटॅच करून किलोमीटरवर पैसे घ्यावेत, की फेरीचं भाडं बोलून ट्रान्सपोर्टवाल्याचं कमिशन सोसावं? वाद तापला की कुणीतरी लिहितंच, ‘अमेरिकेत सगळं मैलावर असतं, म्हणून तिथला ट्रकवाला सुखी.’ मी शिकागोजवळ जोलिएटला ट्रकवाल्यांचे हिशेब लिहिते. हे वाक्य मला तसंच सोडून देववत नाही.

इथे सगळं मैलावर नसतं. स्वतःचा ट्रक घेऊन दुसऱ्या कंपनीच्या परवान्यावर धावणाऱ्या ओनर-ऑपरेटरला एक तर लोडच्या भाड्यातला हिस्सा मिळतो, साधारण ६५ ते ७५ टक्के, आणि ट्रेलरही त्याचाच असेल तर त्याहून जास्त. नाही तर मैलाला ठरलेला दर आणि वर डिझेलचा अधिभार, म्हणजे डिझेलच्या भावाप्रमाणे बदलणारी जादा रक्कम.

समजा, जोलिएटहून डॅलसला ९३० मैल जायचं आहे. जाताना भाडं २,४०० डॉलर, येताना माल कमी म्हणून १,१००. पंचाहत्तर टक्क्यांनी दोन्ही फेऱ्यांचे २,६२५ होतात. मैलाला १.२० डॉलर आणि ४५ सेंट अधिभार धरला तर १,८६० मैलांचे ३,०६९. इथे मैलवाला पुढे. पण तेजी आली आणि तीच भाडी ३,६०० आणि १,८०० झाली, तर टक्केवारीवाल्याच्या हाती ४,०५० पडतात आणि मैलवाला होता तिथेच राहतो. म्हणजे बाजार पडला तर मार कुणी खायचा, एवढंच या दोन पद्धतींत ठरतं. २०२१ मध्ये भाडी चढली तेव्हा कित्येकांनी टक्केवारी धरली आणि चढ्या भावाने ट्रकही घेतले. २०२३ मध्ये भाडी खाली आली, हप्ते तेवढेच राहिले. ते हिशेब लिहिताना मला त्रास व्हायचा.

मैलाच्या दराचं गणित सोपं वाटतं, पण मैल कोणते ते करारात वाचावं लागतं. अनेक करारांत ‘शॉर्ट माइल्स’ असतात, म्हणजे एका गावच्या ठरावीक बिंदूपासून दुसऱ्या गावच्या बिंदूपर्यंतचं कागदावरचं अंतर. गोदामाच्या दारापर्यंत गाडी नेली की प्रत्यक्षातले मैल पाच-दहा टक्क्यांनी सहज वाढतात, आणि ते डिझेल मालकाच्या खिशातून जातं. गोदामाच्या दारात चार तास उभं राहिलं तर मैल शून्य. इथे कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते आणि उभं राहिल्याने ते घड्याळ थांबत नाही.

डिझेलचा अधिभार मात्र मला मनापासून आवडतो. सरकार दर आठवड्याला डिझेलचा सरासरी भाव जाहीर करतं. नेहमीच्या एका सूत्रात त्या गॅलनच्या भावातून १.२० डॉलर (मूळ दरातच धरलेला डिझेलचा भाव) वजा करून ६ ने भागतात, कारण ट्रक गॅलनला सहा मैल देतो असं धरलेलं असतं. भाव ३.९० डॉलर असेल तर मैलाला ४५ सेंट. कुणाची मनधरणी करावी लागत नाही. आमच्या ग्रुपवरच्या एकाच्याही करारात असं कलम नाही. डिझेल वाढलं की आतेभाऊ फोन करकरून थकतो.

तरीही माझं मत टक्केवारीच्या बाजूने आहे, एका अटीवर. इथल्या केंद्रीय नियमांत, भाग ३७६ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की टक्केवारीवर पैसे देणाऱ्या कंपनीने हिशेब करताना किंवा त्याआधी मूळ भाड्याच्या बिलाची प्रत ट्रकमालकाला द्यायची, आणि कागद पोचल्यापासून १५ दिवसांत पैसे चुकते करायचे. माझ्याकडे येणाऱ्या नव्या माणसाला मी आधी तेच विचारते, ‘बिल पाहिलंस का?’ ७५ टक्के कशाचे हे कळत नसेल तर ६५ टक्के दाखवून देणारा बरा.

इथेही भोक आहेच. मध्ये ब्रोकर असेल तर त्याने मालवाल्याकडून किती घेतले हे पाहायचा हक्क त्याच नियमांतला भाग ३७१ देतो, पण ब्रोकर करारातच तो हक्क सोडायला लावतात. मे २०२० मध्ये भाडी कोसळली तेव्हा ट्रकवाले वॉशिंग्टनमध्ये कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅव्हेन्यूवर गाड्या लावून बसले, त्यांच्या मागण्यांत ब्रोकरचे आकडे दिसावेत ही एक होती. नियम घट्ट करायचा प्रस्ताव सरकारने मांडायला नोव्हेंबर २०२४ उजाडला.

आपल्याकडे बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, भाड्याच्या रकान्यात कितीदा आकड्याऐवजी नुसतं ‘टू बी बिल्ड’ (बिल नंतर होईल) असतं! माल नाशिकचा असो की कुपवाडच्या एमआयडीसीतला, कंपनीने ट्रान्सपोर्टला काय दिलं हे गाडीमालकाला कळत नाही. मग कमिशन दहा टक्के की तीस, हा वाद अंधारातच चालतो. म्हणून ग्रुपवरच्या मंडळींना माझी विनंती आहे, किलोमीटरचा दर मागण्याआधी अटॅचमेंटच्या करारात दोन कलमं मागा. मूळ बिलाची प्रत हिशेबासोबत मिळावी, आणि डिझेलच्या भावाप्रमाणे दर आपोआप बदलावा. एकट्या गाडीवाल्याला कुणी दाद देणार नाही, पण एका नाक्यावरच्या पन्नास गाड्यांनी मिळून मागितलं तर ट्रान्सपोर्टवाल्याला बसून बोलावं लागेल.