नैरोबीला स्वेटर लागतो!

‘केनिया विषुववृत्तावर आहे, भाजून निघाल, फक्त सुती कपडे न्या’ हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. साफ चूक. केनियाची राजधानी नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही वर आहे. जुलैत मुलांना घेऊन उतरलो, तेव्हा पहाटे टॅक्सीवाला जाड जॅकेट घालून हात चोळत उभा होता आणि आम्ही अर्ध्या बाह्यांत कुडकुडत. घामच काढायचा असेल तर समुद्रकाठच्या मोम्बासा शहरात जा. ‘कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा’ हा सल्लाही विसरा. ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. खाण्याची धास्ती तर नकोच. स्वाहिलीत चहा म्हणजे ‘चाय’ आणि चपाती म्हणजे चपातीच. फक्त आपल्या घडीच्या पोळीपेक्षा जाड, आणि तेलाला हात सढळ.