8.1 सीजीपीए असूनही नकार का? एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जर्मनीतल्या मास्टर्सच्या पात्रतेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तुम्ही चिडून लिहिलंय आणि त्या चिडण्यामागे मुलाचं एक अख्खं वर्ष गेलंय, हे दिसतंय. म्हणून दोन ओळींत न उरकता नीट उत्तर देते.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: मुलगा नगर जिल्ह्यातल्या कॉलेजातून मेकॅनिकल झाला, पुणे विद्यापीठ, सीजीपीए 8.1. जर्मनीत डेटा सायन्सच्या मास्टर्ससाठी अर्ज केले, सगळीकडून नकार. त्याच कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या मित्राला मात्र 7.2 वर प्रवेश मिळाला. तुम्ही लिहिता, "मॅडम, तुम्ही नियमांची वकिली करताय. हे नियम म्हणजे गावाकडच्या पोरांना बाहेर ठेवायची सोय आहे. सरळ मार्क बघायचे सोडून क्रेडिट कसले मोजत बसता?" आणि शेवटी, धाकटीला बारावी झाल्याझाल्या पाठवायचं ठरवलं तर त्यालाही मी फाटे फोडेन, असंही म्हणता.

आधी मार्कांचं बघू, कारण मार्क बघितलेच नाहीत हा तुमचा मुख्य आक्षेप आहे. ते बघितले जातात. जर्मनीत 1.0 सर्वांत चांगला आणि 4.0 म्हणजे काठावर पास. आपले गुण त्या मापात बसवायला ते मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात. तो असा: सर्वाधिक शक्य गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक आणि किमान पास गुणांमधल्या फरकाने भागायचं, आलेल्या आकड्याला 3 ने गुणायचं आणि त्यात 1 मिळवायचा. तुमच्या मुलाचे 10 पैकी 8.1, पासिंग 4. म्हणजे 1.9 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1. उत्तर 1.95. मित्राचे 7.2 म्हणजे 2.4. बऱ्याच अभ्यासक्रमांची अट 2.5 किंवा त्याहून चांगल्या ग्रेडची असते. त्या अटीत दोघंही बसतात आणि तुमचा मुलगा आरामात बसतो. तेव्हा त्याला नकार आला तो मार्कांवरून आला नसावा.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. या सूत्रात पासिंगचा आकडा फार महत्त्वाचा आहे. मित्राच्या कागदांवर पासिंग 4 ऐवजी 5 धरलं गेलं असतं, तर त्याचेच 7.2 थेट 2.68 झाले असते आणि 2.5 च्या दारातून तो परत आला असता. पोरगा तोच, अभ्यास तोच, फरक फक्त एका आकड्याचा. म्हणून मी सगळ्यांना सांगते की ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या विषयांचं आणि गुणांचं विद्यापीठाने दिलेलं एकत्रित पत्रक, काढतानाच किमान उत्तीर्ण श्रेणी किती, हे विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी लिहून घ्या. मार्कशीटच्या मागे श्रेणींचा तक्ता छापलेला असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. पुढचीच बाजू अपलोड करणारे कितीतरी जण मी पाहिलेत.

आता गावाकडच्या कॉलेजाबद्दल. यात मात्र तुमचा समज अगदी उलटा झालाय आणि मला ते मनापासून खटकलं, कारण असाच समज करून घेऊन कितीतरी हुशार मुलं अर्जच करत नाहीत. परदेशी संस्थांची मान्यता तपासायला जर्मनीत अनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस आहे. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजच्या बाबतीत तिथे बघायचं ते पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव. कॉलेज संगमनेरचं असो की शिवाजीनगरचं, पदवीवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच आहे. नावापुढे 'एच प्लस' असेल तर संस्था मान्य. तिथे कॉलेजची इमारत, प्लेसमेंट, शहर यातलं काही विचारलं जात नाही. आपल्याकडे कंपन्या कॅम्पसला येताना कॉलेजचं नाव बघतात. तिथली प्रवेश समिती तुम्ही काय शिकलात ते बघते. गावाकडच्या मुलाला यातलं कुठलं परवडतं, ते तुम्हीच सांगा.

आणि काय शिकलात हे बघायचं मापच क्रेडिट आहे: कोणत्या विषयाचा किती अभ्यास केला, त्याचं वजन. युरोपातल्या क्रेडिटला ईसीटीएस म्हणतात. तिथे एका पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला 60 ईसीटीएस धरतात, म्हणजे सेमिस्टरला 30. तीन वर्षांची त्यांची बॅचलर 180 ची. आपले क्रेडिट वेगळ्या हिशेबाने दिलेले असतात, म्हणून ते प्रमाणात बदलावे लागतात. समजा तुमच्या मुलाच्या सेमिस्टरचे एकूण 22 क्रेडिट आहेत आणि त्यात गणिताचे 4. मग 30 भागिले 22, गुणिले 4, म्हणजे साधारण साडेपाच ईसीटीएस. एम-वन, एम-टू, एम-थ्री हे इंजिनिअरिंगच्या गणिताचे तिन्ही पेपर धरून सोळा-साडेसोळा. डेटा सायन्सच्या एखाद्या अभ्यासक्रमाने गणित आणि संख्याशास्त्रात मिळून 20 आणि संगणकशास्त्रात 30 मागितले असतील, तर मेकॅनिकलचा मुलगा गणितात थोडक्यात आणि संगणकात बराच कमी पडतो. डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम्स, डेटाबेस हे विषय कॉम्प्युटरच्या मित्राच्या मार्कशीटवर नावानिशी आहेत. थर्मोडायनॅमिक्समध्ये पैकीच्या पैकी मिळवले तरी ते त्या रकान्यात जात नाहीत.

हा अन्याय आहे असं मला वाटत नाही. तिथे पहिल्याच सेमिस्टरला प्राध्यापक तुम्हाला हे येतं असं धरून शिकवायला सुरुवात करतात. पाया नसलेल्या मुलाला आत घ्यायचं आणि वर्षभरात नापास करून परत पाठवायचं, तेही घरच्यांचे लाखो रुपये खर्च झाल्यावर, यापेक्षा दारात सांगितलेलं बरं. पण हे दारातच कळायला हवं होतं, अर्जाचे पैसे भरण्याआधी. तुमच्या रागाचा खरा धनी, हे आधी न सांगणारी कन्सल्टन्सी आहे.

तुम्ही लिहिलंय की कन्सल्टन्सीने "8.1 आहे, डोळे झाकून मिळेल" असं सांगितलं आणि फी घेतली. प्रत्येक अभ्यासक्रमाची प्रवेशनियमावली विद्यापीठाच्या वेबसाइटवर असते. कोणत्या विषयाचे किती क्रेडिट हवेत, ते तिथे लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ती फक्त जर्मनमध्ये असते, पण भाषांतर करून घ्यायला अर्ध्या तासाचं काम आहे. ते पान ज्याने उघडलं नाही त्याने तुमच्या मुलाचं वर्ष घालवलं. आणखी एक लक्षात घ्या. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं एजंटना कमिशन देत नाहीत, बरीच खासगी देतात. 'सरकारीत जमलं नाही, आता हे घ्या' म्हणून पुढे सरकवलेलं खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक त्या नजरेने वाचा. सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली, मास्टर्सला सेमिस्टरला 4000 ते 6000 युरो.

आता तुमचं जे पटलं तेही सांगते. पैशांची अट गरिबाला जड आहे, यात शंकाच नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. आपल्या पैशांत बारा लाखांच्या आसपास. ते पैसे मुलाचेच असतात, तिकडे गेल्यावर दरमहा त्यालाच मिळतात, हे खरं. पण आधी ते उभे करायचे कुठून? शेती गहाण टाकून ही रक्कम उभी करणारे पालक मला माहीत आहेत. शिवाय एपीएस प्रमाणपत्राचे 18,000 रुपये. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते व्हिसासाठी बंधनकारक झालं. खोट्या मार्कशीटना आळा बसावा म्हणून कागद तपासायची ही व्यवस्था आहे. बनावट कागदांचा भुर्दंड खऱ्या कागदवाल्यांनी भरावा, हे मलाही टोचतं. बऱ्याच विद्यापीठांचे परदेशी अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेमार्फत अर्ज केला तर पहिल्या अर्जाला 75 युरो आणि पुढच्या प्रत्येकाला 30 युरो, तेही परत मिळत नाहीत. म्हणून तर मी पुन्हा पुन्हा सांगते की दहा ठिकाणी अंदाजाने अर्ज करू नका, चार ठिकाणी नियम वाचून करा.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची अडचणही खरी आहे, आणि आपल्याकडे अशी मुलं बहुतेक साध्या घरांतलीच असतात. त्यांच्या पदवीच्या ट्रान्सक्रिप्टवर तिसऱ्या सेमिस्टरपासूनचेच विषय दिसतात. एम-वन, एम-टू तिथे नाहीतच. गणिताची अट कडक असेल तिथे अर्जाआधी अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला ईमेल करून विचारलंच पाहिजे. विषयाच्या ओळीत कोर्सचं नाव, खाली चार वाक्यं, सोबत ट्रान्सक्रिप्ट. लांबलचक आत्मकथा नको. उत्तर येतं.

तुमच्या मुलाने आता काय करावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. नकाराचं प्रत्येक पत्र पुन्हा उघडा आणि कारणाचा परिच्छेद शोधा. 'संबंधित विषयांत पुरेसे क्रेडिट नाहीत' अशा अर्थाचं वाक्य बहुधा तिथे असेल. पत्राच्या शेवटी दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची तेही दिलेलं असतं. मुदत बहुधा महिन्याची असते, तक्रार विद्यापीठाकडे करायची की थेट न्यायालयात, हे राज्याराज्यांत वेगळं. क्रेडिट खरोखर कमी असतील तर दाद मागण्यात अर्थ नाही. पण मोजायचे राहून गेले असतील तर आहे.

राहून गेले असण्याची शक्यता मला वाटते. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला न्यूमेरिकल अँड स्टॅटिस्टिकल मेथड्स होतं का, ते बघा. त्या विषयात रिग्रेशन आहे, प्रोबॅबिलिटी आहे. पण कोणता विषय कोणत्या अटीत मोजायचा ते दाखवणाऱ्या अर्जाच्या तक्त्यात मुलाने, किंवा कन्सल्टन्सीतल्या कुणी, तो मेकॅनिकलच्या रकान्यात टाकला असेल तर तपासणारा तो संख्याशास्त्रात का मोजेल? त्याच्यासमोर शेकडो अर्ज असतात. तेव्हा विद्यापीठाच्या सिलॅबसमधून त्या विषयाची पानं काढा, युनिटनिहाय मजकूर जर्मन अभ्यासक्रमाच्या कोणत्या अटीशी जुळतो ते पेन्सिलीने लिहा आणि मग तक्ता भरा. पहिल्या वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा विषयही सोडू नका. गणिताची तूट यातून भरून निघू शकते. संगणकाची नाही निघणार, हे आधीच सांगते, खोटी आशा लावणार नाही.

म्हणून अभ्यासक्रमाची निवडही पुन्हा तपासा. काही विद्यापीठं थोडे क्रेडिट कमी असले तरी अटीसह प्रवेश देतात, राहिलेले विषय पहिल्या वर्षात पुरे करायचे. नियमावलीत तशी तरतूद आहे का, ते शोधा. आणि शुद्ध डेटा सायन्सचाच हट्ट कशाला? कॉम्प्युटेशनल इंजिनिअरिंग, मेकाट्रॉनिक्स, ऑटोमेशन, रोबोटिक्स अशा कितीतरी अभ्यासक्रमांना मेकॅनिकलची पदवी चालते, डेटाचं काम तिथेही भरपूर आहे. 1.95 ग्रेडचा मुलगा तिथे रांगेत पुढे उभा राहील.

राहिली धाकटी. फाटे फोडत नाही, रस्ते सांगते. आपल्या बारावीवर जर्मनीत थेट बॅचलरला प्रवेश मिळत नाही. एक तर तिने जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावं, मग तांत्रिक आणि विज्ञान शाखांचं दार थेट उघडतं. नाहीतर इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचं पहिलं वर्ष नियमित शिकून पास व्हावं आणि मग त्याच शाखेत अर्ज करावा. तिसरा रस्ता श्टुडिएनकोलेगचा: तिकडे जाऊन साधारण दोन सेमिस्टरचं तयारीचं शिक्षण आणि शेवटी परीक्षा, जी नापास झाल्यास सहसा एकदाच पुन्हा देता येते. तिथे शिरायलाच प्रवेश परीक्षा असते आणि जर्मन भाषा किमान बी-वन, बऱ्याच ठिकाणी त्याच्या वरच्या बी-टू पातळीची लागते. 'बारावीनंतर लगेच जर्मनी' अशी जाहिरात दिसली, तर यातला कोणता रस्ता ते आधी विचारा.

मला विचाराल तर तिने इथेच पहिलं वर्ष करावं आणि जर्मन आत्तापासून सुरू करावी. पुण्यात जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, रोज येणं जमणार नसेल तर ऑनलाइन वर्ग आहेत. वर्षभरात तिला ही भाषा आणि हे शिक्षण झेपतंय का हे घरातच कळेल, आणि तोवर ब्लॉक्ड अकाउंटच्या पैशांचीही तजवीज करता येईल.

मुलाच्या बाबतीत घाई एकाच गोष्टीची आहे. उन्हाळी सत्राचे अर्ज बऱ्याच ठिकाणी 15 जानेवारीला बंद होतात, पण त्या सत्रात सुरू होणारे अभ्यासक्रम थोडे असतात. हिवाळी सत्राला पर्याय जास्त, पण भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी मुदत अनेकदा 15 जुलैच्या बरीच आधी संपते. ट्रान्सक्रिप्ट आणि सिलॅबसच्या साक्षांकित प्रती विद्यापीठातून मिळायला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज याच आठवड्यात टाका. नकाराच्या पत्रातलं कारणाचं वाक्य, नाव-पत्ता झाकून, इथेच खाली लिहिलंत तर कोणत्या विषयात किती कमी पडतंय ते मी बघून सांगते.