गाडीला येतं, मला येत नाही

२०० किलोची मोटरसायकल आडवी पडते तेव्हा खरंतर फार आवाज होत नाही. आपण मनात धडाम वगैरे धरून बसलेलो असतो आणि प्रत्यक्षात नुसतं भप्प होतं, जरा माती उडते, इंजिन बंद पडतं आणि मग जी शांतता पसरते तिच्यात ट्रेनरचं "काही नाही सर, होतं" एवढंच ऐकू येतं. हे "होतं" तो दिवसभर इतक्यांदा आणि इतक्या जणांना म्हणत होता की मला खात्री आहे, झोपेत कूस बदलतानाही त्याच्या तोंडून तेच येत असणार.

तर मी ऑफ रोड, म्हणजे डांबर सोडून माती-दगडांत गाडी चालवायला, शिकायला गेलो. कारण साधं होतं, गाडी अ‍ॅडव्हेंचर होती आणि अ‍ॅडव्हेंचर काही होत नव्हतं. उंच सीट, पुढे चोच, रुंद हँडल, लांब सस्पेन्शन, दगड लागून इंजिन फुटू नये म्हणून खाली जाड बॅश प्लेट, आणि एवढा सगळा साज चढवून ती बिचारी रोज सिग्नलला उभी राहायची. बॅश प्लेटला आजवर लागलेली सगळ्यात कठीण वस्तू म्हणजे गाडी धुवायचा ब्रश.

या दुखण्याचं मूळ शोधायला गेलात तर बरंचसं १९८० साली सापडेल. त्या वर्षी बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस नावाची ८०० सीसीची गाडी काढली, डांबरावर पण पळेल आणि मातीत पण, आणि पुढच्याच वर्षी ह्यूबेर ऑरिओल नावाचा फ्रेंच माणूस पॅरिस-डाकार रॅलीसाठी तयार केलेल्या अशाच गाडीवर बसून पॅरिसहून सहारा तुडवत आफ्रिकेतल्या डाकारला पोचला, तोही पहिला. झालं! तेव्हापासून खुर्चीत बसून पाठ धरलेल्या जगभरच्या माणसांना वाटायला लागलं की सहारा आणि आपण यांच्यामधे फक्त एका गाडीचं अंतर आहे. ऑरिओलने १९८३ मधे परत रॅली जिंकून तो गैरसमज आणखी पक्का केला. गाडी घेणं आणि सहारा यांच्यामधे एक मुरमाचं मैदान, एक शिट्टीवाला ट्रेनर आणि गुडघ्यांची एक जोडी असते हे कुणी सांगितलंच नाही.

पहिला धडा काय असेल तर गाडी उचलायची. चालवायची नाही, उचलायची! ट्रेनरने आमच्या देखत सगळ्या चांगल्या उभ्या असलेल्या गाड्या हळूच आडव्या करायला लावल्या, त्या क्षणी बॅचमधल्या निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर सुतक आलं. मग सांगितलं की आधी किल स्विच म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, मग गाडी गिअरमधे आहे ना ते बघा म्हणजे उचलताना पुढेमागे घरंगळणार नाही, उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आत्ताच बाहेर काढून ठेवा, हँडलची खालची मूठ टाकीजवळ येईल असं वळवा आणि मग गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवा. एका हातात मूठ, दुसऱ्या हातात सीटमागची धरायची दांडी, पाठ ताठ, आणि मांड्यांच्या जोरावर बारीक बारीक पावलं टाकत मागे सरकत जायचं.

पुरुष मंडळींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडीकडे तोंड करून, वाकून, दात-ओठ खात हँडल ओढायला सुरुवात केली. शेजारी एक बाई होत्या, उंची बेताची, त्यांनी सांगितलं तसं केलं, गाडीला पाठ लावली आणि फोनवर बोलत असल्याच्या सहजतेने ती उभी केली. वर मला म्हणाल्या, "दादा, तुमची पण करून देऊ का?" मी नको म्हटलं. (करून घ्यायला हवी होती, कंबर अजून तेच म्हणतेय.) पलीकडे एका गृहस्थांनी मात्र इतक्या त्वेषाने उचलली की ती उभी राहायला थांबलीच नाही, थेट पलीकडच्या बाजूला आडवी. "होतं सर."

मग उभं राहणं. ऑफ रोडला शक्यतो उभ्याने चालवायचं, चवडे फूटपेगवर म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, गुडघ्यांनी टाकीला हलकं धरायचं, कोपरं बाहेर, कंबरेत थोडं वाकायचं आणि हात सैल. असं का, यावर ब्रेकमधे दोन जण तावातावाने भांडत होते, एकाचं म्हणणं उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली जातो, दुसरा विचारतोय माणूस उठून उभा राहिल्यावर काहीही खाली कसं जाईल. दुसराच बरोबर होता. खरी गंमत एवढीच की तुम्ही उभे असलात की खालची गाडी हवी तशी हलायला मोकळी होते, खड्डे पाय पचवतात आणि तुमचं वरचं ओझं प्रत्येक दगडाबरोबर गाडीला ढकलत नाही. म्हणजे थोडक्यात, तुम्ही तिच्या कामात ढवळाढवळ करायची थांबता. पण तो पहिला मनुष्य अजूनही ऐकायला तयार नसेल, असा माणूस प्रत्येक बॅचमधे एक असतोच.

आता "हात सैल" हे दोन शब्द लिहायला बरे आहेत. ऑफ रोडचे बूट घातले की घोट्याचं आणि आपलं नातं संपतं, गिअर पडला की नाही हे पायाला कळत नाही, इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं, खाली गोटे गडगडतायत, पुढचं चाक डावी-उजवी करतंय, आणि अशा वेळी शरीर एकच हुशारी करतं, सापडेल ते घट्ट धरतं. जे सापडतं ते हँडल असतं. आणि हँडल आवळलं की पुढच्या चाकाला स्वतःची वाट शोधता येत नाही, ते धडपडतं, आपण घाबरून आणखी आवळतो, ते आणखी धडपडतं, असं एकमेकांना सहकार्य करत दोघं खाली. लाखो वर्षं माणसाला जिवंत ठेवणाऱ्या सगळ्या सवयी इथे आल्यावर उलट्या फिरतात, घट्ट धरणं चूक, खाली बघणं चूक, बसणं चूक, भीती वाटली की थांबणं तर महाचूक.

खाली बघण्याचं तर विचारूच नका. नियम असा की नजर जिथे, गाडी तिथे. त्या अख्ख्या मैदानावर एक झाड होतं. एकच. बाकी सगळीकडे मोकळी जागा.

"सर, तुम्ही झाडाकडे बघताय."

"अरे, मी नाही बघत. तेच बघतंय माझ्याकडे."

"सर, झाडाच्या बाजूची वाट बघा."

"तीच बघतोय, पण वाटेत झाड आहे ना."

ज्याला आपटायचं नाही त्याच्यावर डोळे खिळतात आणि डोळ्यांमागून खांदे, खांद्यांमागून हँडल, अशी ती वरात निघते. उपाय एकच, मान वळवायची आणि जिथे जायचंय तिथे लांब बघायचं, चाकापुढच्या दगडाकडे नाही कारण त्याचं जे व्हायचं ते आता होणारच आहे. हे जमायला लागलं तेव्हा मला कळलं की माझी मान गेली कित्येक वर्षं फक्त फोनकडे वाकायला वापरली जात होती, डावीकडे-उजवीकडे वळते हे तीसुद्धा विसरली होती.

हळू चालवणं हा वेगळाच छळ. वेगात असताना गाडी बऱ्यापैकी आपली आपण सरळ राहते, चालण्याच्या वेगाने गेलं की सगळी जबाबदारी आपल्यावर येते. दोन बोटं क्लचवर, हाफ क्लचमधे गाडी लोंबकळत ठेवायची, गॅस म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा, मागचा ब्रेक किंचित लागलेला, आणि मैदानात मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनभोवती वळताना गाडी आत झुकवायची पण आपण बाहेरच्या पेगवर वजन टाकून बाहेर राहायचं. डांबरावर आयुष्यभर गाडीबरोबर आत झुकायला शिकलो आणि आता हा पोरगा सांगतोय, सर, गाडी आत तुम्ही बाहेर. संध्याकाळपर्यंत डावा हात असा आखडला की बाटलीचं झाकण उघडायला मदत मागावी लागली. कुणी उघडून दिलं ते सांगायला नको. हो, त्याच बाई.

ब्रेकचा धडा मला मनापासून आवडला हे मान्य करतो. खडीवर ब्रेक दाबून चाक लॉक झालं, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरायला लागलं, तर चाकापुढे मातीचा-खडीचा ढीग साठतो आणि तो पण गाडी थांबवायला मदत करतो, एबीएस मात्र चाक लॉक होऊच देत नाही, सोडत धरत सोडत धरत गाडी पुढे पुढेच नेतं, म्हणून बऱ्याच अ‍ॅडव्हेंचर गाड्यांना मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय असते. ते बंद केलं आणि मुद्दाम मागचं चाक घसरवायला सांगितलं. मुद्दाम! पन्नाशीकडे चाललेला माणूस धुरळा उडवत तिरका थांबतो आणि थांबल्यावर आजूबाजूला कोणी बघितलं का ते बघतो, यापेक्षा स्वस्तात तारुण्य मिळत नाही. मी तो धडा गरजेपेक्षा बराच जास्त गिरवला.

चढावर मात्र सगळी मिजास उतरली. चढाला खालूनच वेग घेऊन जायचं, मधे गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. आणि थांबलात, म्हणजे थांबणारच, तर पहिली झडप क्लचकडे जाते आणि तिथेच घात होतो. क्लच दाबला की इंजिनाचा आधार गेला, पुढचा ब्रेक धरून उपयोग नाही कारण वजन सगळं मागच्या चाकावर, पुढचं चाक नुसतं घसरत मागे येतं. त्यामुळे इंजिन गिअरमधेच बंद पडू द्यायचं, मग इंजिनच गाडी धरून ठेवतं. गाडी बंद पाडणं हीच इथे हुशारी, जी मला जन्मजात येत होती, त्याबद्दल शाबासकी पण मिळाली. उतारावर पुन्हा तेच, पहिला गिअर, क्लचला हात नाही, इंजिनला ब्रेकचं काम करू द्यायचं आणि आपण गप्प राहायचं. गप्प म्हणजे तोंडाने पण. हेल्मेटमधे मी जे काही बोलत होतो ते इंटरकॉमवरून सगळ्या बॅचला ऐकू जात होतं हे नंतर कळलं.

आणि मग वाळू. टायरमधली हवा रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास असते ती २० च्या जवळ आणली, म्हणजे टायर पसरतो आणि जास्त जागा धरतो. तरीही वाळूत शिरल्याबरोबर हँडल "नाही नाही" म्हणत मान हलवणाऱ्या हट्टी पोरासारखं दोन्हीकडे झटके द्यायला लागलं. माझ्या सगळ्या देहाने एकमुखाने ठराव पास केला की गॅस सोडा. गॅस सोडला की वजन पुढे येतं, पुढचं चाक वाळूत रुततं आणि आपण चाकाच्या पुढे जाऊन बसतो, भप्प. करायचं काय, तर वजन मागे, हँडल सैल, नजर लांब, आणि भीती वाटली की गॅस वाढवायचा. ट्रेनर लांबून ओरडतोय "गॅस, सर, गॅस," पोटातही नेमका तोच, आणि मग कसा कुणास ठाऊक एकदा मनगट फिरलं, मागचं चाक खाली दबलं, पुढचं हलकं झालं आणि ती गाडी वाळूवरून सरळ निघाली. मी काहीच करत नव्हतो. तेच तर करायचं होतं.

पाण्याचा धडा त्यांनी फक्त तोंडी घेतला, बहुतेक आमची एकूण प्रगती बघून. आधी पायी उतरून खोली बघायची, पाणी एअर इनटेकपर्यंत, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या तोंडापर्यंत, पोचता कामा नये, कारण हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, आणि ते सिलिंडरमधे शिरलं की वाकतो तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड. आणि पाण्यात पडलीच तर स्टार्टर मारायचा नाही. हे ऐकून उभं राहण्यावरून गुरुत्वमध्य काढणारे ते गृहस्थ वहीत काहीतरी लिहून घेत होते.

परतताना हवा भरली, एबीएस चालू केलं, बॅश प्लेटवर तीन सुंदर ओरखडे आले होते ते पुसून नीट दिसतील असे केले. उभं राहायची सवय मात्र गेली नाही. परवा बायको मागे बसली होती, पुढे स्पीड ब्रेकर दिसला आणि मी चवड्यांवर वजन टाकून, कोपरं बाहेर काढून, नजर लांब ठेवून शास्त्रशुद्ध उभा राहिलो.

"काय झालं? समोर कोण आहे?"

"कोणी नाही, स्पीड ब्रेकर आहे."

"मग उठलास कशाला, मानवंदना द्यायला? बस खाली, मला काही दिसत नाहीये."

मी बसलो आणि नेमका तेव्हाच ब्रेकर आला. दोघंही सीटवरून वीतभर वर गेलो आणि वेगवेगळ्या वेळी खाली आलो. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या वेळी आधी सांग, मी पण उठते."